पासिंग कुठलं, पिढी कुठली

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि सातारा-सांगली पट्ट्यातल्या अनेक घरांत जमत आलेला हिशोब पुन्हा पहिल्या पानावर आला. आठ-नऊ लाखांत नवी छोटी एसयूव्ही घ्यायची, की त्याच पैशात पाच-सहा वर्षं वापरलेली, पण वरच्या मॉडेलची, सगळ्या सोयींनी भरलेली गाडी घ्यायची? चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोलला १२०० किंवा डिझेलला १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवर आधी अनुक्रमे २९ आणि ३१ टक्के कर होता, तो १८ झाला. टाटा नेक्सॉनची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ८ लाखांवरून ७ लाख ३२ हजारांवर आली. मारुतीच्या ब्रेझाचं मात्र वेगळं झालं. तिची लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत. पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे ती सवलतीत बसत नाही. तिच्यावरचा कर ४५ वरून ४० वर आला, एवढंच. उंचीला, रुपाला सारख्याच वाटणाऱ्या दोन गाड्या, आणि एकीवर १८ टक्के, दुसरीवर ४०. किंमत विचारताना हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचीही उतरावी लागते, आणि विकणाऱ्याला ते पटायला वेळ लागतो. मधल्या काळात घेणाऱ्याची ओढाताण होते. माझं मत असं, की आपल्याकडे ‘नवी की जुनी’ हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. त्याआधी विचारायला हवं ते हे, की त्या नावाची कितवी पिढी, कुठल्या वर्षाची, आणि ती आजवर कुठल्या पाण्यातून, कुठल्या कागदांतून आली. ब्रेझा हे नाव २०१६ पासून रस्त्यावर आहे, क्रेटा २०१५ पासून, नेक्सॉन २०१७ पासून. नाव तेच असलं तरी आतली गाडी तीच राहिलेली नाही.

पुढचा संवाद मामा-भाचीचा आहे. पात्रं मी रचली आहेत, मुद्दे मात्र या भागात रोज ऐकू येणारे आहेत. मामा सांगलीचे, मोटार विम्याचे निवृत्त सर्वेअर. भाची साताऱ्यात राहते. पशुवैद्य आहे, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर जनावरं तपासायला जाते. मामांचा आग्रह नवीचा, भाचीचा जुनीचा.

भाची : मामा, माझं ठरलंय. विटारा ब्रेझा, डिझेल, २०१९ ची. कराडचं पासिंग, एमएच-५०. एकाच मालकाची. आता नवीचा विषय काढू नका.

मामा : काढणार की. हौसेनं नवी घे म्हणत नाही मी. आयुष्यभर मोडलेल्या गाड्या बघितल्यात. मालक एक सांगतो आणि बॉनेटखालचा एप्रन दुसरंच सांगतो.

भाची : तुम्ही मोडलेल्याच बघितल्या, म्हणून तुम्हाला प्रत्येक जुनी गाडी मोडकीच वाटते. नीट चाललेली गाडी सर्वेअरकडं आलीच कशाला असती?

मामा : हे खरंय. पण नीट चाललेली ओळखायची कशी, ते मला मोडलेल्यांनीच शिकवलं. २०१९ चा ऑगस्ट आठव. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभाग, टिळक चौक, मारुती रोड, शामरावनगर, सगळं पाण्यात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. उभ्या गाड्या बुडाल्या, काही तर छतापर्यंत. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते. पुढं काय होतं? कुणीतरी ती घेतो, धुतो, सीट कव्हर बदलतो, गालिचा नवा टाकतो आणि विकतो. इथं नाही विकत, कारण सांगलीचा माणूस पहिला प्रश्न पुराचा विचारतो. लांब नेऊन विकतो.

भाची : म्हणजे एमएच-१० दिसलं की पुढं जायचं? मग विट्याच्या, आटपाडीच्या, जतच्या माणसानं काय केलंय? त्यांचंही पासिंग १० च. तिकडं पूर सोडा, उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतो.

मामा : बरोबर बोललीस. पासिंग बघून गाडीला दोष देता येत नाही. चिपळूण २०२१ च्या त्याच आठवड्यात बुडालं. कुंभार्ली घाट चढला की तू पाटणात, आणि तिथं एमएच-०८ दिसलं तर पुराची शंका कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून नंबर प्लेट बघू नको, सीटबेल्ट बघ. शेवटपर्यंत खेच. रोज वापरात येतो तेवढा भाग स्वच्छ असतो. आतला, कधीच बाहेर न येणारा पट्टा मातकट असेल तर पाणी तिथवर आलं होतं. मग स्टेपनीखालचा खड्डा बघ, सीटचे बोल्ट बघ, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात गाळ आहे का बघ. जुन्या गाडीत एकदम नवाकोरा गालिचा असेल तर का बदलला ते विचार.

भाची : धुवून, सुकवून चालत असेल तर धोका काय?

मामा : एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, अगदी जमिनीलगत असतं. पाणी आधी तिथं पोचतं. गाडी चालते, गाणी वाजतात, एसी गार करतो. नेमक्या वेळी एअरबॅग उघडेल का, हे कुणी सांगू शकत नाही. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा स्विच ऑनला लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तो बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय असं समज.

या मुद्द्यावर मी पूर्ण मामांच्या बाजूने आहे. पूर हा सांगलीच्या जुन्या गाडीच्या बाजारातला सर्वांत मोठा अदृश्य दोष आहे, आणि तो ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. पुढे मामांनी एक खूण सांगितली, ती विम्याच्या आतल्या माणसालाच सुचेल. मागच्या मालकाकडून लागोपाठच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागायच्या आणि नो क्लेम बोनसचा रकाना पाहायचा. दावा केला नाही तर हा बोनस २० टक्क्यांपासून २५, ३५, ४५ असा ५० पर्यंत चढतो. तो अचानक शून्यावर आलेला दिसला तर आदल्या वर्षी दावा झाला होता, मालक काहीही म्हणो. शिवाय हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली की तो मालकाबरोबर जातो. ‘विमा आहे की वर्षभराचा’ असं सांगून तो किमतीत धरला जातो, तेव्हा हे विसरायचं नाही. पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी हस्तांतरणानंतर १४ दिवसांत कंपनीला कळवावं लागतं.

भाची : सांगितलं तसं सगळं तपासते. पण आता माझं ऐका. मी बामणोलीकडं जाते, कोयनेच्या काठच्या वाड्यांवर जाते. २०२१ च्या पावसात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या, तेव्हापासून तिकडच्या रस्त्यांबद्दल कुणी गृहीत धरून बोलू नये. गाय अडलीय म्हणून रात्री फोन येतो. मागं दोन पेट्या, कधी बर्फात ठेवलेली लस, कधी बरोबर माणूस. मला तळाला दगड न लागणारी गाडी पाहिजे आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला रडणारी नको.

मामा : मग बोलेरो घे की. तुझ्या त्या सगळ्या वाड्यांवर तीच दिसते.

भाची : आठवड्यातून दोनदा आईला घेऊन हायवेला जायचं असतं. लॅडर चेसिसची गाडी ओझं उचलायला चांगली, पण १०० च्या वेगात वळणावर मला ती नको. मला मोटारीच्याच अंगाची, पण उंच गाडी पाहिजे. विटारा ब्रेझाचा ग्राउंड क्लिअरन्स १९८ मिलिमीटर. आणि तिचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन २०० न्यूटनमीटर टॉर्क देतं, तेही १७५० आरपीएमला. २०२० ला आलेल्या पेट्रोल ब्रेझाचा टॉर्क १३८, आणि तो ४४०० ला मिळतो. यवतेश्वरचा घाट चढताना यातला फरक पायाला कळतो. डिझेल गाडी वळणातून बाहेर येतानाच ओढायला लागते. पेट्रोलला गिअर खाली टाकून ओरडवत न्यावी लागते.

मामा : पेट्रोलच्या हॉर्सपॉवर जास्त आहेत की. १०५ ला ९०.

भाची : त्या सहा हजार आरपीएमला. मी जनावरं तपासायला जाते, शर्यतीला नाही.

हा आकड्यांचा मुद्दा वरवर तांत्रिक वाटतो, पण घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी गाडी निवडण्याचा तोच खरा कस आहे. सातारा, वाई, पाटण इथल्या माणसाचं अर्धं आयुष्य पसरणी, कुंभार्ली, खंबाटकी, यवतेश्वर यांत जातं. इस्लामपूर, तासगाव, मिरज इथल्या माणसाचं जातं सपाटीवर. कागदावर एकच गाडी. पण मिरजेत शांत वाटणारं पेट्रोल इंजिन पसरणीत चार माणसं बसल्यावर दमलेलं वाटतं. शोरूमची चाचणी बहुतेक वेळा शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर होते आणि गाडीत दोनच माणसं असतात. साताऱ्यात गाडी घेणाऱ्याने चार माणसं बसवून, एसी लावून घाटात चाचणी मागावी. अशी चाचणी देत नसतील तर दुसरीकडे जावं. टर्बो पेट्रोलने हे अंतर बरंच कमी केलं आहे, हेही सांगायला हवं. नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल १७० न्यूटनमीटर देतं आणि तेही १७५० पासून. म्हणजे ‘घाटाला डिझेलच’ हे २०१६ मध्ये जितकं खरं होतं तितकं आज नाही.

मामा : डिझेल म्हणतेस, तर कुठलं डिझेल ते सांग. १ एप्रिल २०२० आधीचं की नंतरचं?

भाची : आधीचंच. मारुतीनं तर बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम आल्यावर डिझेल बंदच केलं.

मामा : बाकीच्यांनी चालू ठेवलं, त्यांना डीपीएफ बसवला. धुरातली काजळी त्या फिल्टरमध्ये साठते आणि ती जळायला इंजिन बराच वेळ तापलेलं, सलग चाललेलं लागतं. तुझं काम म्हणजे चार किलोमीटर जा, थांब, परत चार किलोमीटर. तो फिल्टर तुंबणार. वॉर्निंग आली की लोक गाडी बंद करून चालू करतात, दिवा गेला म्हणून खूश होतात आणि पुढं मोठं बिल भरतात. म्हणून तू २०२१ ची बीएस-६ डिझेल आणली असतीस तर मी दारातून परत पाठवली असती.

भाची : म्हणजे २०१९ ची बरोबर!

मामा : डिझेलच घ्यायची तर, एवढंच म्हणतोय. पेट्रोलची रेघ वेगळी आहे. ती १ एप्रिल २०२३ ला मारायची. त्यानंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील, गॅस्केट २० टक्के इथेनॉल धरून केलेले आहेत. आधीच्या बऱ्याच गाड्या १० टक्क्यांसाठी होत्या. आता पंपावर ई-२० च मिळतं.

भाची : तेही आपल्याच उसाचं. कृष्णा, सह्याद्री, राजारामबापू, या कारखान्यांच्या भोवती सगळी आपलीच शेतं.

मामा : ऊस आपला आहे म्हणून इंजिनाचं शास्त्र बदलत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, की ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. शेतकऱ्याला पैसा मिळतो, चांगलंच आहे. पण जुनी पेट्रोल गाडी घेणाऱ्यानं हा खर्च धरलाच पाहिजे, आणि इंधनाच्या रबरी नळ्या बदलून घेतल्या पाहिजेत.

मामांच्या या दोन रेघा मला फार उपयोगी वाटतात. मधल्या तीन वर्षांतल्या, म्हणजे २०२० ते २०२३ च्या गाड्या वाईट नाहीत, पण त्या घेताना आपला रोजचा रस्ता आधी सांगावा लागतो. कोल्हापूर-पुणे सलग धावणाऱ्याला बीएस-६ डिझेलचा त्रास होणार नाही, वस्तीवस्तीवर थांबणाऱ्याला होईल.

मामा : आता तू टाळतेयस त्या विषयावर येतो. आईला बसवून हायवेला जायचं म्हणालीस.

भाची : विटारा ब्रेझाला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे आहेत. बॉडी स्थिर म्हटलंय. तुमच्या त्या नव्या-नव्या म्हणवणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या क्रेटाला २०२२ मध्ये तीनच मिळाले, आणि बॉडी अस्थिर. दोन एअरबॅगवाली होती ती. म्हणजे नवी पिढी म्हणून जास्त सुरक्षित, असं आपोआप होत नाही.

मामा : हे तुझं मला मान्य आहे, पूर्ण मान्य. पण तारा कुठल्या महिन्याच्या गाडीला मिळाला ते बघ. नेक्सॉनचंच घे. ऑगस्ट २०१८ मध्ये चार तारे. कंपनीनं काही सुधारणा केल्या, दोन्ही पुढच्या सीटना बेल्टची घंटी दिली, आणि डिसेंबरमध्ये त्याच गाडीला पाच मिळाले. बाहेरून दोन्ही सारख्या. २०१८ ची नेक्सॉन म्हणून विकणारा तुला पाच तारे सांगणार. तुझी ब्रेझाही तशीच. सुरुवातीच्या स्वस्त मॉडेलला एकच एअरबॅग यायची. २०१८ मध्ये दोन्ही एअरबॅग आणि एबीएस सगळ्यांना आलं आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चार ताऱ्यांचा निकाल लागला. २०१६ ची ब्रेझा दाखवून कुणी तो निकाल सांगितला तर तो तिचा नव्हेच.

भाची : माझी २०१९ ची आहे. ती त्या निकालात बसते.

मामा : बसते. पण तिच्यात ईएससी नाही. २०२२ ला ब्रेझाची दुसरी पिढी आली, तिच्यात सगळ्या मॉडेलना दिलं. नेक्सॉनला २०२० पासून. पावसात, शेवाळलेल्या वळणावर गाडीचं मागचं अंग सुटायला लागलं की ईएससी त्या एका चाकाला ब्रेक लावतं आणि गाडी सरळ करतं. तू कितीही सराईत असलीस तरी तुला चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावता येत नाही. तुझ्याच रस्त्यांसाठी सांगतोय मी हे.

भाची यावर काही वेळ बोलली नाही. तिच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही, पण उत्तर पैशाचं होतं आणि सुरक्षिततेला पैशाचं उत्तर देणं तिला जड गेलं. तिला माहीत होतं की २०२३ च्या सप्टेंबरपासूनच्या नेक्सॉनला सहाही एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये येतात, आणि ग्लोबल एनकॅपने २०२२ पासून परीक्षाच कडक केली, त्यामुळे २०२४ चे पाच तारे आणि २०१८ चे पाच तारे एका मापाचे नाहीत. हा मुद्दा मामांनी मांडलाच नव्हता. थोड्या वेळाने तो तिनेच काढला, स्वतःच्या बाजूच्या विरुद्ध. अशा प्रामाणिकपणाने वाद घालणारी माणसं मला आवडतात.

भाची : ठीक आहे. पण पैशाचं बोलूया. तुमच्याच विम्याचं कोष्टक सांगतं की नव्या गाडीची किंमत शोरूमबाहेर पडल्यापासून सहा महिन्यांत ५ टक्के खाली, वर्षाला १५, मग २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५०. ती घसरण मी का भरू? २०१९ च्या मालकानं ती भरून झालीय. रोड टॅक्सही त्यानं पंधरा वर्षांचा भरलाय. महाराष्ट्रात डिझेलला १३ टक्क्यांपासून सुरुवात, कमी नाही ते.

मामा : भरलाय, पण पंधरातली वर्षंही त्यानं वापरलीत. २०१९ ची गाडी २०३४ पर्यंत. नंतर फेरनोंदणी, पर्यावरण कर, दर पाच वर्षांनी तपासणी. आणि कर्ज घेणार ना? समजा आठ लाख, पाच वर्षं. नव्या गाडीला बँक ९ टक्क्यांनी देते असं धर, हप्ता साधारण १६ हजार ६००. जुनीला १३ टक्के धर, हप्ता १८ हजार २००. पाच वर्षांत ९५ हजारांच्या वर फरक. जुनी स्वस्त म्हणून घेतेस आणि व्याज जास्त देतेस.

भाची : आठ लाख कशाला काढू? तोच तर मुद्दा आहे. जुनीला निम्मंच कर्ज लागेल. उरलेल्यातून पहिल्या महिन्यातच क्लचप्लेट, चारही टायर, शॉकअप, ब्रेक पॅड, सगळं नवं करीन. आणि ते फियाटच्या घराण्यातलं १.३ इंजिन कराडपासून जतपर्यंत कुठलाही मिस्त्री उघडू शकतो. स्विफ्टमध्ये तेच, डिझायरमध्ये तेच. वाडीवर बंद पडली तर संध्याकाळपर्यंत चालू होते. नव्या गाडीला सेन्सरची चूक दाखवली की टोचन करून सर्व्हिस सेंटर.

मामा : आणि बंद झालेल्या कंपनीच्या? तुझ्या मैत्रिणीनं इकोस्पोर्ट घेतलीय.

भाची : ती खूश आहे. फोर्डनं २०२१ ला इथं उत्पादन थांबवलं म्हणून किंमत पडली, गाडी पडली नाही. पण मी घेणार नाही. एखादा दिवा, एखादं मॉड्युल मिळायला आठवडा लागला तर माझं काम थांबतं. हौसेच्या गाडीला ते चालतं.

दोघांचं इथे एकमत झालं म्हणून हा विषय लवकर संपला. डस्टरबद्दलही तसंच झालं. गाडी अप्रतिम, ऑल व्हील ड्राइव्हची डस्टर तर बामणोलीच्या रस्त्यासाठीच बनवल्यासारखी. पण तिच्या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे आणि तो वेळेवर बदलल्याची पावती नसेल तर हात लावायचा नाही, असं मामा म्हणाले. ब्रेझाच्या इंजिनाला साखळी असते.

मग निघालं ते बाहेरच्या राज्यांतल्या गाड्यांचं. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यातली माणसं, देशभर पसरलेली आहेत. यात्रेला, लग्नसराईला गावी येतात तेव्हा विट्याच्या रस्त्यावर तामिळनाडू, केरळ, दिल्ली, सगळ्या नंबरांच्या गाड्या दिसतात. त्यातल्या काही इथेच विकल्या जातात, आणि भाव ऐकून माणूस हरखतो.

भाची : तशी एक सांगितली होती मला. दिल्लीची क्रेटा, १.६ डिझेल, पहिल्या पिढीची. फारच कमी किमतीत.

मामा : दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले होते, म्हणून तिकडं ती स्वस्त. इंजिन दणकट आहे, नाही म्हणत नाही. पण फॉर्म २८ ची एनओसी आहे का? चलन बाकी आहेत का? बँकेचा बोजा उतरलाय का, फॉर्म ३५ आहे का? बारा महिन्यांच्या वर इथं ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, इथला कर पुन्हा भरावा लागतो, आणि तिकडचा परतावा मूळ मालकाला मिळतो, तुला नाही. हे सगळं बेरीज करून मग स्वस्त म्हण. अन् नुसत्या सह्या करून दिलेल्या, मालकी बदलाच्या कोऱ्या टीटी फॉर्मवर गाडी कधी घ्यायची नाही. २९ आणि ३० भरून, मालकासमोर, तारखेसकट.

भाची : म्हणून तर कराडची बघतेय. मालक कराडातच आहे, बोजा नाही, वाहनच्या ॲपवर मालक क्रमांक एक. सर्व्हिसच्या नोंदी नंबर टाकून काढल्या, मीटर मागं घेतलेलं दिसत नाही.

मामा : टायरवरची तारीख बघितलीस? चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पन्नास हजार किलोमीटरच्या आत चाललेली म्हणतो आणि टायरचा तिसरा सेट असेल, तर आकडा खोटा.

भाची : नाही बघितली.

मामा : बघ. दारांच्या रबराखालचे स्पॉट वेल्ड हातानं चाचप. कंपनीचे गोल, सारख्या अंतरावर असतात. दुरुस्तीचे तसे येत नाहीत. बॉनेटच्या बोल्टचा रंग पान्यानं उडालाय का बघ. डिकीचं झाकण बंद करताना आवाज दोन्ही बाजूंनी एकदम येतो का ऐक.

भाची : म्हणजे तुम्ही हो म्हणताय?

मामा : मी अजून नवी नेक्सॉनच म्हणतोय. पेट्रोल, टर्बो, १८ टक्के करातली, सहा एअरबॅग, ईएससी. तुझी आई मागं बसणार. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा आणि वॉरंटी, दोन्ही कागदावर लिहून मिळतात. पण तू एकटी वाड्यांवर फिरणार ते जास्त, हायवे कमी. २०१९ च्या चांगल्या डिझेलला त्या कामासाठी मी वाईट म्हणू शकत नाही.

भाची : आणि ईएससीचं?

मामा : ते तू ठरव. मी त्याला किंमत लावू शकत नाही.

भाची : मग असं करते. कराडची गाडी तुम्ही बरोबर येऊन बघायची. तुमच्या तपासणीत एक जरी मोठी खोट निघाली तर मी दुसरी जुनी शोधणार नाही, सरळ नवी नेक्सॉन बुक करीन. आणि पास झाली तर घेईन, पण आईला घेऊन पावसात हायवेला जायचं तेव्हा दादाची २०२३ ची गाडी मागून नेईन.

मामा : दादा देईल?

भाची : विचारलंय. देतो म्हणाला.

मामा : रविवारी निघू. सकाळी लवकर, इंजिन गार असताना. रात्रभर उभ्या डिझेलला पहिल्या स्टार्टला किती वेळ लागतो, धूर कुठल्या रंगाचा येतो, साखळी खडखडते का, हे तेव्हाच कळतं. तापवलेल्या गाडीत सगळं लपतं. मालकाला आजच फोन करून सांग, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.